गुळगुळीत दगड

कँटनजवळच्या आमच्या गावात पुस्तकांचे लाकडी ठसे बायकाच कोरतात. ठशांचा कारखाना माझा, आणि सगळ्यांत सुबक हात माझ्या सुनेचा. कोरता कोरताच तिचे डोळे गेले. मग मी परदेशी शिळाछापाचं यंत्र आणवलं. तिनं त्याच्या दगडावरून बोटं फिरवली. “आई, हा तर गुळगुळीत आहे. अक्षरं कुठायत?” “नुसतं शाईनं लिहायचं, की छापून निघतं. डोळे फोडायला नकोत.” बोलून गेले आणि जीभ चावली. “असं यंत्र कधी निघालं?” आठ वर्षांपूर्वी त्याचा विक्रेता दारात आला होता. ‘मेल्या, दगडाला लाकडाची सर येते का?’ म्हणत मीच त्याला हाकललं होतं. तेव्हा ती सुईत दोरा ओवायची. “यंदाच,” मी म्हणाले. ती दगड चाचपत राहिली. “तुम्ही हाकललेल्या माणसाचा चहा अर्धाच राहिला होता, आई. तो पेला मीच विसळला.”