भातुकलीतली आई

प्रणिता जमिनीवर ठेवलेल्या शेगडीपुढे बसून पोळ्या करत होती. फिट कधी येईल याचा नेम नसल्यामुळे ओट्याशी उभं राहणं तिने केव्हाच सोडलं होतं.

पाच वर्षांच्या जुईला मात्र तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. डोळ्यांपुढे ठिणग्या नाचू लागल्या की ती लेकीला कार्टून लावून द्यायची, आतल्या खोलीत जाऊन दार लोटायची आणि एकटीच काय ते भोगायची.

बाहेर जुई शेजारच्या तन्वीबरोबर भातुकली खेळत होती. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं.

“तू आई आहेस ना? मग आता पड. मी तुझ्या डोक्याखाली उशी ठेवते आणि तोंडावरचा फेस पुसते.”

“आणि मग?”

“मग तू डोळे उघडायच्या आत मी पळत जाऊन टीव्ही बघत बसणार. आईला कळू द्यायचं नसतं. तिला वाईट वाटतं.”

प्रणिताचा हात जागच्या जागी थांबला. तव्यावरची पोळी करपली. जळका वास बाहेर जाताच जुई उशी घेऊन धावत आत आली.

आई नीट बसलेली दिसली, तशी तिने उशी पाठीमागे लपवली.