दोनच पानं

मी शाल घेऊन मंचावर उभा होतो. पडद्यावर शिंपी पक्ष्याची तीन पिल्लं चोची वासून बसली होती. आमच्या पक्षीमित्र मंडळाचा संवर्धन पुरस्कार या फोटोला, म्हणजे आमच्याच अध्यक्षांना.

ते घरटं मीच त्यांना दाखवलं होतं, पानांत पूर्ण झाकलेलं. आठवड्याने गेलो तर उसवलेलं होतं आणि पिल्लांना मुंग्या लागल्या होत्या. मी वाऱ्याला दोष दिला.

"पानं कुठे गेली हो?" अध्यक्ष शेजारी येऊन उभे राहताच मी हळूच विचारलं.

"मध्ये येत होती. दोनच कापली."

शिंपी पानंच शिवून घरटं करतो, हे दर रविवारी तेच शाळकरी मुलांना शिकवतात.

त्यांनी माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून शालीला नीट पुसला आणि मग ती त्यांच्या खांद्यांवर घातली.