गुलाबी ओठ

हेमांगी कागदी कपांत वाढवलेली काकडीची रोपं परसातल्या वाफ्यात लावत होती. शेवटच्या रोपाभोवतीची माती दाबून तिने वर पाहिलं, तर चार वर्षांच्या ओवीचे ओठ गुलाबी झाले होते. तिच्या पायाशी बियांचं पाकीट रिकामं पडलं होतं. उरलेल्या बिया सकाळीच हेमांगीने मोजल्या होत्या. चौदा भरल्या होत्या. कीड लागू नये म्हणून त्यांना गुलाबी औषध चोळलेलं होतं आणि पाकिटावर लाल अक्षरांत ‘विषारी’ असं छापलं होतं.

“ओवी, बिया खाल्ल्यास तू?”

ओवीने मान डोलावली. तिने लेकीचं तोंड खळखळून धुतलं आणि मातीच्या हातांनीच डॉक्टरांना फोन लावला.

“तिला उलटी करायला लावू नका. पाकीट घेऊन लगेच या,” डॉक्टर म्हणाले. “किती खाल्ल्यात?”

हेमांगीने तेच ओवीला विचारलं. आईचा चेहरा बघून ओवी रडायला लागली. “एकच खाल्ली. कडू होती. बाकीच्या मी पण लावल्या,” असं म्हणत तिने कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

हेमांगीने कुंडी तिथेच उपडी केली. बोटांनी ती माती चिवडत गेली. अकरा, बारा, तेरा.

तेवढ्यावरही तिचा विश्वास बसेना. पाकीट आणि ओवीला घेऊन तिने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ओवीला संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर ठेवलं. शेवटी ओवी म्हणाली, “आई, भूक लागली.” तेव्हा कुठे हेमांगीला कळलं, की आपण दवाखान्यात अनवाणीच आलो आहोत.