गेल्या वर्षीचाच ड्रेस

परीक्षेच्या सकाळी इस्त्रीवाल्या आजीने गिऱ्हाइकांचे गठ्ठे बाजूला सारले आणि नातीचा निळा ड्रेस टेबलावर पसरला. नातीचं तोंड उतरलं.

"आजी, हा नको. गेल्या वर्षी प्रवेशपरीक्षेला हाच घातला होता. मार्क किती कमी पडले, ठाऊक आहे ना?"

"मग गणितं काय ड्रेसने सोडवली होती?"

"तसं नाही गं. तिथे बाई त्याच, शिपाई तोच. बघताक्षणी ओळखतील, ही गेल्या वर्षीचीच म्हणून."

"ओळखू देत की. हरून पळालेली पोर तिथे दुसऱ्यांदा दिसत नसते."

आजीने बाहीवरून इस्त्री दाबून फिरवली. नातीने ड्रेसची कॉलर बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "कॉलर जरा कडक कर, आजी. लोक बघणार आहेत."