नव्या रिमोटची जोडणी

दोन्ही बटणं एकदम दाबून धरा, असं फोनवरच्या बाईनं पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा मोठ्या भावाचा अंगठा खरोखरच दुखायला लागला होता. मधेच वीज जाऊन आली. रिमोटवरचा लाल दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला. "जोडणी झाली आहे, सर," असं म्हणून बाईनं फोन ठेवला. टीव्ही मात्र ढिम्म.

त्यानं रिमोटचे सेल काढून घातले. डिशचा बॉक्स बंद करून चालू केला. रिमोट तळहातावर आपटूनही पाहिला. हा सगळा खटाटोप जुन्या गाण्यांच्या चॅनेलसाठी होता. घर एक होतं तेव्हा दुपारी तो आईला ते लावून द्यायचा. मग भावाभावांत बिनसलं, हॉलच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली आणि आई धाकट्याकडे राहिली. त्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं तो रागाच्या भरात बोलून बसला होता. आईच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला, तिला इकडे येता येईना. भिंतीला दोन्हीकडून दोन टीव्ही पाठीला पाठ लावून होते, पण दोघा भावांत विस्तव जात नव्हता. आईनं एकदा हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. ती मारत नव्हती, आणि तेच त्याला फार लागलं होतं.

त्यानं पुन्हा गाण्यांच्या चॅनेलचा नंबर दाबला. इकडे काही नाही. भिंतीपलीकडे मात्र धाकट्याच्या बातम्या थांबल्या आणि जुनं गाणं सुरू झालं. मोठ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला टीव्ही बंद आणि याला आजच गाणी सुचतायत! तो हाती येईल ते बटण दाबत सुटला. पलीकडे क्रिकेट लागलं, मग कार्टून, मग पुन्हा गाणं. याचं कशात म्हणून मन रमेल तर शपथ, असं तो पुटपुटला. तुमचाच भाऊ तो, असं बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकवलं. मग त्यानं कंपनीचा, रिमोटचा आणि फोनवरच्या बाईचा असा उद्धार केला की तो पलीकडे स्पष्ट ऐकू गेला असणार.

दार वाजलं. बाहेर धाकटा उभा होता, नजर खाली.

"दादा, तू बटणं दाबतोयस आणि आमचा टीव्ही उड्या मारतोय," तो म्हणाला. "वीज आल्यावर दोन्ही बॉक्स एकदमच सुरू झाले ना, तुझा रिमोट आमच्या बॉक्सला जुळला. हे नवे रिमोट भिंतीला जुमानत नाहीत."

मोठ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा आता भांडणार, असंच त्यानं धरलं. रिमोट पुढे करत तो तुटकपणे म्हणाला, की घेऊन जा आणि काय ते निस्तर.

धाकट्यानं हात पुढे केला नाही.

"गाणं लागल्या लागल्या आईनं ओळखलं, हा मोठ्याचा उद्योग म्हणून," तो म्हणाला. "ती म्हणते, आवाज जरा वाढव. आणि भिंतीआडून नको, शेजारी बसून वाढव."