डावी बाजू

ब्रेकच्या ड्रमवर हातोडीचे टोले पडले, गंजलेली कड सुटली आणि डाव्या चाकामागून काळं तेल तिच्या मनगटावर ओघळलं. तिनं हात पुसला नाही. उकिडवी बसून ती नुसती आत बघत राहिली.

जुन्या पिकअपची उजवी बाजू तिनं सकाळीच उघडली होती. तिथं सगळं जिथल्या तिथं होतं. नवं बेअरिंग, तेल अडवणारं नवं सील, कोरडेठाक ब्रेक शू. नाव ठेवायला जागा नव्हती. ते पाहूनच ती डाव्या बाजूकडे वळली होती. कारण ते काम तिच्या नवऱ्याचं होतं आणि याच कामावरून तिनं नवऱ्याला कायमचं तोडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी उतारावर या पिकअपचे ब्रेक लागले नाहीत. गाडी भिंतीवर आदळली. चालवणाऱ्या बाबांना नुसतं खरचटलं, पण शेजारी बसलेल्या आईचा पाय कायमचा अधू झाला. आदल्याच दिवशी सासऱ्या-जावयानं मिळून मागची चाकं उघडली होती, बेअरिंग आणि ब्रेक नवे करायला. "दोन्ही बाजू जावयानं केल्या," बाबा म्हणाले. "डावी मामांनी घेतली होती. मी तिला हातसुद्धा लावला नाही," नवरा म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

आई आत कण्हत होती. ते ऐकत तिनं विचार केला नाही, नवऱ्यावर तुटून पडली.

"माझ्या आईचा पाय घालवलास, आणि वर माझ्या बापावर ढकलतोस?"

तो जायला वळला. मग म्हणाला, "तुला काम येतं ना? मग चाक उघडून बघ आणि बोल."

तिनं चाक उघडलं नाही. नवऱ्याचं-तिचं बिऱ्हाड बंदराच्या गावाला हलायचं होतं. तिथं स्वतःचं गॅरेज टाकायचं ठरलं होतं. तो एकटाच गेला. ती आईच्या उशापायथ्याशी राहिली आणि हळूहळू बाबांचं गॅरेजही तिच्याच अंगावर आलं.

पिकअप मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बाबा तिला कुणाला हात लावू देत नसत. आता अचानक त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. इंजिन ठणठणीत असलेली गाडी मोडीत कशाला घालायची, म्हणून बाबा डोळे दाखवायला गेल्याचं पाहून तिनं गुपचूप जॅक लावला होता. दुरुस्त करून दाखवली की म्हातारा खूश होईल, असा तिचा हिशेब.

तिनं डाव्या बाजूचे नट सोडून शाफ्ट ओढून काढला. बेअरिंग बोटानं फिरवलं, तर ते खडखडलं. जुनंच होतं. त्याला अडवणाऱ्या कड्यावर छिन्नीचे उथळ घाव होते. कुणीतरी ते काढायला गेलं होतं आणि मध्येच सोडून दिलं होतं. त्या खटाटोपात जुनं सील फाटलं होतं. मग सगळं तेल ब्रेकवर उतरणारच, आणि तेलकट ब्रेक धरणार कसा?

हे नवऱ्यानंही केलेलं असू शकतं, असं ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात तिचं लक्ष काढून ठेवलेल्या नटांकडे गेलं. नट नवे होते, त्या दुरुस्तीच्या दिवशी घातलेले. प्रत्येकावर लाल रंगाचा बारीक पट्टा होता.

बाबा स्वतःच्या हातानं आवळलेल्या प्रत्येक नटावर लाल पट्टा ओढत. नट हलला तर लगेच कळावं म्हणून. नवरा हसायचा, "मामा सही केल्याशिवाय चाक सोडत नाहीत." उजव्या बाजूच्या नटांवर पट्टे नव्हते.

बाबा परत आले ते थेट शेडमध्येच. ताडपत्री बाजूला पडलेली पाहून दारातच थबकले.

"हे पट्टे कुणाचे, बाबा?"

त्यांनी नटांकडे पाहिलंच नाही. जुन्या टायरवर बसले.

"बेअरिंग निघेना गं. हातात जोरच राहिला नव्हता. तो पलीकडे शीळ घालत आपली बाजू करत होता. जावयाला हाक मारायची लाज वाटली. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू."

"आणि नंतर? त्याला मी नाही नाही ते बोलले, तो निघून गेला, तेव्हाही लाजच वाटत होती?"

 बाबा तिच्या पाठीमागे बघत होते. तिनं वळून पाहिलं. आवाज ऐकून आई काठी टेकत दाराशी आली होती.

तिचा बांध फुटला. "आई, ऐकलंस? तुझा पाय कुणामुळे गेला ते? तुलासुद्धा फसवलं यांनी. तू रात्र रात्र तळमळत होतीस आणि हे शेजारी बसून खोटं बोलत होते!"

आई चौकटीला टेकली. तिला दम लागला होता. पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"त्यांना बोलू नकोस," ती म्हणाली. "दवाखान्यात मी डोळे उघडले, तेव्हाच रडत सगळं सांगितलं त्यांनी मला. तुलाही सांगायला उठले होते. मीच हात धरून बसवलं."

"का?"

"मीच म्हटलं, जावयाचं नाव सांगा. तू त्याच्याबरोबर बंदराच्या गावाला निघाली होतीस, पोरी. दुसऱ्या कशानं थांबली असतीस?"