ओढ्यापलीकडचं रान

सगुणा पुंगाटीने सागाचं आणखी एक पान उलटलं. त्यावरही काळा ठिपका होता. प्रयोगशाळेत घडवलेला, तीन वर्षांत तीस वर्षांची वाढ घेणारा साग अख्ख्या डोंगरावर लावला होता आणि वनरक्षक म्हणून तो तिनेच राखायचा होता. दुपारपर्यंत या रोगाची पानगळ ओढ्याशी पोचली. पलीकडे ऐन, धावडा, मोहाचं जुनं रान होतं. त्यांच्यात रुजलेला तोच साग मात्र हिरवागार होता. आणि तिथेही हाच साग लावायचा म्हणून ते रान तोडायला यंत्र आलं होतं.

"मॅडम, बाजूला व्हा. हुकूम आहे," चालक ओरडला.

सगुणा यंत्रासमोरून हलली नाही. "हुकूम काल निघाला, भाऊ. काल डोंगर हिरवा होता. मागं बघा."

त्याने वळून पाहिलं आणि यंत्र बंद केलं. त्या शांततेत डोंगरभर पानं गळताना ऐकू आली.